उजवीकडे मोकळं आहे

शनिवार, ११ मे

बेचाळीस माणसं, सात देशांची. एका डच गृहस्थांनी मिकीनेसच्या गडावर जायला लिफ्ट आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर मी बसमध्येच थांबतो म्हणाले, आणि थांबले. एवढ्या लांबून येऊन वाहनतळावर झोप काढली!

बाकी दिवस नेहमीचाच. कोरिंथच्या कालव्यावर वीस मिनिटं, मग एपिदाव्रोसचं नाट्यगृह, नाफ्प्लिओत जेवण, शेवटी मिकीनेस आणि परत अथेन्स. मिकीनेसचं हे थडगं नक्की आगामेम्नोन राजाचंच का, हे आजही कुणीतरी विचारलंच. नाही म्हटलं. मग पाटीवर तसं का लिहिलंय? पाटी नंतरची आहे म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही.

एक गोष्ट वेगळी घडली. कालवा सोडल्यावर किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याला तिसऱ्या वळणावर कडेचं उजवं चाक डांबर सोडून खडीत उतरलं. सेकंदभर खरखर झाली आणि बस पुन्हा रस्त्यावर. मागे कुणाला कळलंही नाही. ड्रायव्हर स्तमातिस म्हणाला, रस्त्यात दगड होता. मी त्याच्या उजव्या हाताला बसते, घडीच्या खुर्चीवर, माईक घेऊन. मला पुढचा रस्ता त्याच्याइतकाच दिसतो.

दगड नव्हता.

सतरा वर्षं तो चालवतोय आणि मी बोलतेय. ती खरखर कधी ऐकलेली नाही.

मंगळवार, १४ मे

कालव्यावर त्याची कॉफी मीच आणते. साखर कमी, बर्फ भरपूर. आज तो बसच्या दाराशी उभा होता. मी उजव्या बाजूने पेला पुढे केला, त्याने घेतला नाही. रुसलाय की काय म्हणून तशीच उभी राहिले. मग समोर जाऊन धरला तर केवढा दचकला.

"काय मास्तरीणबाई, भुतासारख्या उगवता!"

मी तिथे निदान अर्धा मिनिट उभी होते.

गुरुवार, १६ मे

नाफ्प्लिओ. बंदरामागच्या खानावळीत मागचं टेबल आमचं, ड्रायव्हर आणि गाईड लोकांचं. आज दोघंच होतो. भरलेले टोमॅटो होते. त्याचा उजवा कोपर लागून पाण्याचा जग आडवा झाला. हा या आठवड्यातला दुसरा. पुसता पुसता मी सरळ विचारलं, उजव्या डोळ्याला काय झालंय?

आधी म्हणाला, काही नाही. मग पाव मोडत बसला. मग म्हणाला, काचबिंदू.

फेब्रुवारीत कळलं म्हणे. पिरेयसच्या डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि कडेने काळा करत आणला, मधे नाण्याएवढं पांढरं ठेवलं. तेवढं उजव्या डोळ्याला उरलंय. डाव्यालाही सुरुवात आहे, पण थोडी. रोज दोनदा औषधाचे थेंब घालायचे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. हे सगळं त्याने बसचा एखादा भाग निकामी झाल्याचं सांगावं तसं सांगितलं.

परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी जानेवारीत आहे. ऑक्टोबरअखेर हंगाम संपला की मी स्वतःच चाव्या देणार आहे, म्हणाला. एवढा एक हंगाम जाऊ द्या. बायकोला, मारिगोला, अजून सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी तिचं कंबरेचं हाड मोडलं. पेरामात त्यांचं घर चढावर आहे, तिथवर बस जात नाही. व्यायामाला, चर्चला, बहिणीकडे — सगळीकडे हाच तिला गाडीतून नेतो. परवाना गेला की तीही गाडी गेली.

"अडतीस वर्षं झाली, बाई. एक ओरखडा नाही."

मी विचार करते म्हटलं. त्याने माझ्या ताटातला उरलेला टोमॅटो खाल्ला, नेहमीसारखा.

शुक्रवार, १७ मे

सुट्टी. कपडे धुतले. पानागोसला फोन करावा असं दोनदा वाटलं. सहली त्याच्या, बस त्याची, परवान्याचे कागदही त्याच्याच कपाटात. केला नाही.

दया आली म्हणून नाही केला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मारिगोला मी सतरा वर्षांत चारदा भेटले असेन. खरं कारण फार साधं आहे. नवा ड्रायव्हर येईल. तो रेडिओ लावील, कालव्यावर घाई करील, मी कुठल्या वाक्याला थांबते आणि कुठे श्वास घेते ते त्याला माहीत नसेल. स्तमातिस माझ्या वाक्यांवर गिअर बदलतो. मला बदल नको आहे. छप्पन्न वर्षांच्या बाईने एवढ्यासाठी बेचाळीस माणसं अशा डोळ्याच्या हवाली करावीत का?

प्रश्न लिहिला. उत्तर लिहायचा कंटाळा आला.

शनिवार, १८ मे

आज सुरू केलं. तो काही बोलला नव्हता, मीही ठरवलं नव्हतं. चौकात उजवीकडे वळायचं होतं, त्याने मान पार खांद्यापर्यंत फिरवली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं — उजवीकडे मोकळं आहे. तो वळला. पुढच्या वळणाला पुन्हा. प्रवाशांशी मी इंग्रजीत बोलते, हे तेवढं आमच्या भाषेत: देक्सिया एलेफ्थेरा. दोन वाक्यांच्या मधे टाकते. कुणाच्या लक्षात येत नाही.

परत येताना म्हणाला, आता मला तीन डोळे झाले.

मंगळवार, २१ मे

पाऊण तास उशीर. एपिदाव्रोसला एक फ्रेंच जोडपं हरवलं होतं. पाइनच्या झाडाखाली भांडत बसलेलं सापडलं.

शनिवार, २५ मे

माझं ते वाक्य आज पकडलं गेलं. ऑस्ट्रेलियाच्या एका तरुणीने विचारलं, तुम्ही सारखं हे 'देक्सिया एलेफ्थेरा' काय म्हणता? खूप गोड वाटतं ऐकायला. मी म्हटलं, आमच्याकडे प्रवासात म्हणतात. प्रवास सुखाचा होवो असा अर्थ आहे.

झालं! नाफ्प्लिओ सोडेपर्यंत अर्धी बस म्हणायला लागली. वळण आलं की मागून एका सुरात 'देक्सिया एलेफ्थेरा'. स्तमातिस इतका हसला की त्याला डोळे पुसावे लागले. मीही हसले. नंतर बराच वेळ मला बरं वाटत नव्हतं. ऊन लागलं असेल.

गुरुवार, ३० मे

मारिगोने माझ्यासाठी कडू संत्र्याचा मुरंबा पाठवला. निरोपही होता: बाई बरोबर असतात म्हणून मला त्याची काळजी नसते. स्तमातिसने तो रस्त्याकडे बघत सांगितला.

बरणी फळीवर ठेवली आहे. उघडली नाही.

मंगळवार, ४ जून

ऊन चढलंय. दगडावर हात ठेववत नाही.

आज नाट्यगृहात पंचावन्न ओळींऐवजी पंचेचाळीस म्हणाले. एका स्वीडिश म्हाताऱ्याने हळूच येऊन चूक दाखवली. त्याने मोजल्या होत्या. बावीस वर्षं मी हे सांगते आहे, स्तमातिस यायच्या आधीपासून. हल्ली बोलत असते नाट्यगृहाबद्दल आणि मनात असतो पुढचा चौक. मिकीनेसच्या सिंहद्वाराखाली उभी राहून बोलते तेव्हाही नजर खाली वाहनतळाकडे, तो बस मागे घेत तर नाही ना.

मी आता गाईड कमी आणि उजवा आरसा जास्त आहे. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, आरसा बोलत नाही, तुम्ही बोलता, तुम्ही बऱ्या.

शनिवार, ८ जून

जसं झालं तसं लिहिते.

मिकीनेस, दुपारी चारचा सुमार. वाहनतळावर अकरा बसगाड्या. आमचे सगळे चढले. मी उभी राहून, मागे तोंड करून डोकी मोजत होते. पहिल्या रांगेत कॅनडाची एक निवृत्त शिक्षिका होती, सकाळपासून वहीत एकेक ग्रीक शब्द टिपणारी. माझं ते वाक्यही तिने टिपलं होतं, माझ्याच अर्थासकट. मी छत्तीसपर्यंत आले होते. इंजिन सुरू झालं. आणि ती बाई मजेत, मोठ्याने म्हणाली, "देक्सिया एलेफ्थेरा!" मागच्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

बस निघाली आणि उजवीकडे वळली.

मी वळून पाहिलं तेव्हा काचेला लागून एक निळी छत्री होती. मग आरसा लागल्याचा आवाज, आणि छत्री दिसेनाशी झाली. मी थांबा म्हणून ओरडले. तो तोवर थांबलाच होता.

सत्तरीची कोरियन बाई, दुसऱ्या बसची. खडीवर बसली होती. टोपी डोक्यावरच. कोपर सोलून रक्त आलं होतं, छत्रीच्या काड्या मोडल्या होत्या. चाकापासून किती लांब होती? माझ्या पावलांनी दोन पावलं. तिला उठवलं तर ती आमच्यापुढे तीनदा वाकली आणि माफी मागायला लागली. तिने आमची माफी मागितली! तिच्या गाईडने जखम धुतली, पट्टी बांधली, त्यांची बस हॉर्न देत होती, ते गेले. कुणी कुणाचा नंबर घेतला नाही. मी तिचं नावही विचारलं नाही.

स्तमातिस जागेवरून उठला नव्हता. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच.

"तुम्ही म्हणालात ना, मोकळं आहे?"

"मी नाही म्हणाले. मागची बाई म्हणाली."

त्याने मागे पाहिलं. ती शिक्षिका पांढरी पडली होती, पण छत्रीवाल्या बाईसाठी. आपण काय केलं हे तिला माहीत नव्हतं. तिला कुणी सांगितलंही नाही. अथेन्स येईपर्यंत मी माईक हातात घेतला नाही. उतरताना तिने माझा हात धरला आणि ते सुखाच्या प्रवासाचं वाक्य पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. उच्चार बरोबर होता.

रविवार, ९ जून

सकाळी त्याला फोन केला. म्हटलं, पानागोसला जाऊन सांगा. तो म्हणाला, ती बाई उठून चालत गेली. मी म्हटलं, ही गेली, पुढची जाईलच असं नाही.

मागे कुठे तरी चर्चची प्रार्थना रेडिओवर चालू होती. मग म्हणाला, "तू सांगणार आहेस?"

सतरा वर्षांत पहिल्यांदा मला तू म्हणाला.

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "बुधवारी दुपारपर्यंत. नाहीतर मी सांगेन."

"तुला काय, तू वीस ड्रायव्हरांबरोबर वीस बसमध्ये बसशील. मी घरी बसणार. आणि मारिगो पण."

तो बरोबरच बोलत होता. तेवढ्यात त्याचा आवाज एकदम बदलला, मोठा आणि मोकळा झाला. हो हो, मंगळवारी ऊन फार असणार, पाण्याच्या बाटल्या जास्त ठेवतो! मारिगो खोलीत आली असणार. फोन बंद झाला.

सोमवार, १० जून

भाजी आणली. दात दुखतोय.

मंगळवार, ११ जून

मी चढले. हेही लिहून ठेवते. शनिवारी जे पाहिलं ते पाहूनही आज सकाळी पावणेआठला मी त्याच बसमध्ये चढले, आणि माझ्यामागे एकोणचाळीस माणसं चढली.

ते वाक्य बंद केलं. आता पेनने समोरच्या पट्टीवर ठोकायचं. एकदा ठोकलं की मोकळं. तो वळणावर तीसच्या वर गेला नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. आम्ही दिवसभरात दहा शब्द बोललो असू.

एपिदाव्रोसला एक नवल झालं. मी नाट्यगृहाच्या मधोमध उभी होते. आगकाडी ओढायची आणि तो आवाज वरच्या ओळीतल्या माणसाला ऐकू येतो का विचारायचं, एवढाच माझा खेळ. मान वर केली तर खालून पाचव्या ओळीत स्तमातिस. कामाचाच शर्ट. सतरा वर्षं तो फाटकाबाहेर पाइनखाली वर्तमानपत्र वाचतो, आत कधी आला नव्हता. काय सुचलं कोण जाणे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, डोकं हळूहळू फिरवत, त्याने सगळं नाट्यगृह बघितलं. कोपऱ्यातली पायरीसुद्धा सोडली नाही. मी काडी ओढली. त्याने हात वर करून ऐकू आलं अशी खूण केली. तो एवढ्या जवळ बसला होता की न ओढताही ऐकू आलं असतं.

अथेन्सला सगळे उतरल्यावर त्याने समोरची काच आतून-बाहेरून पुसली. उद्या बुधवार आहे, मी म्हटलं.

"मला वार कळतात, मास्तरीणबाई. ते अजून दिसतात."

बुधवार, १२ जून

बारा वाजले. फोन नाही. साडेबारा. मी एकपर्यंत थांबले, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्तच.

पत्र लिहिलं. पहिल्या खेपेला त्याचा डोळा, खडीत उतरलेलं चाक, वाहनतळ, छत्री, एवढंच. तारखांसकट. वाचून पाहिलं. सगळं खरं होतं आणि तरी वाचताना असं वाटत होतं की मी त्या बसमध्ये नव्हतेच. फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं. १६ मे रोजी मला कळलं. १८ मेपासून मी उजवी बाजू सांगत आले. दोन वेळा फोन उचलून खाली ठेवला. ८ जूनला एक बाई पडली, तिचं नाव मी विचारलं नाही. ११ जूनला पुन्हा चढले. खाली सही आणि माझ्या परवान्याचा क्रमांक.

ऑफिसात पानागोस नव्हता. बाहेर गेलेत, कधी येतील सांगता येत नाही, असं तिथली मुलगी म्हणाली. लिफाफा तिच्या हातात दिला. घरी येऊन गालिचा गच्चीत झटकला. बरं वाटेल अशी कल्पना होती. तसं काही झालं नाही, वाईटही वाटलं नाही. दात दुखायचा मात्र थांबलाय.

गुरुवार, १३ जून

स्टिअरिंगवर नवा माणूस होता. खाली पानागोस उभा, हातात माझा लिफाफा, फोडलेला.

म्हणाला, स्तमातिस मंगळवारी संध्याकाळीच पानागोसच्या घरी गेला होता, बस जमा केल्याबरोबर. चाव्या टेबलावर ठेवल्या, डोळ्याचं सगळं सांगितलं, वाहनतळावरचंही. काल दिवसभर पानागोस त्या कोरियन बाईचं हॉटेल शोधत होता. सापडली, बरी आहे. स्तमातिसने एकच गोष्ट दोनदा सांगितली म्हणे: बाईंना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना मी फसवलं.

"हे मी वाचलं नाही," पानागोस लिफाफा पुढे करत म्हणाला. "घेऊन जा आणि चढ."

मी घेतला नाही. वाचलंय तुम्ही, म्हटलं. राहू दे तुमच्याकडे.

त्याने फोन करून दुसऱ्या गाईडला कालव्यावर यायला सांगितलं. आठ वाजून दहा मिनिटांनी बस सुटली. मी फुटपाथवर होते.